शिडाची होडी आणि अप्रमाद



शिडाच्या होडीत जड माल तळाशी, मधोमध ठेवून घट्ट बांधावा. होडी कलली की सुटा माल खालच्या बाजूला सरकतो आणि ती पुन्हा सरळ होत नाही. वाऱ्याच्या झोतात शिडाची दोरी तत्काळ सैल करता यावी, म्हणून तिला पक्की गाठ मारू नये.

माणसांचाही भार असतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट वादळात उलटून ६०० हून अधिक जीव गेले. लाट आदळताच उतारू एका बाजूला धावले होते. ती शिडाची नव्हती. पण न्याय तोच.

म्हणून आम्ही सांगतो, ठरल्याहून एकही माणूस जादा घेऊ नये आणि वादळात कोणी जागेवरून हलू नये. तथागतांनी शिकविलेला अप्रमाद तो हाच. जयभीम!