बाजार एक, तर हजेरीही एक

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आज मला "कामकरी महिलांचे हक्क" या विषयावर बोलायला सांगितलंय. समाजकार्याच्या शिक्षणात मी युरोपातली एक गोष्ट शिकले, ती सांगते. देश लांबचा आहे, पण प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. काम तेच, वेळ तेवढाच, मग बाईला दाम कमी का?

आधी बाजाराचं गणित बघू. समजा, दोन गावांतले दोन गट पापड करतात. एक गट लाटणाऱ्या बायकांना किलोमागे बरी मजुरी देतो, दुसरा कमी देतो. दोघे आपापल्या गावात विकतात तोवर काही अडत नाही. पण दोघांचे पापड एकाच आठवडी बाजारात आले, की कमी मजुरीचा पापड स्वस्त पडतो आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं. मग पहिला गटही म्हणतो, आता आपल्यालाही मजुरी कमी करावी लागेल. म्हणजे बाजार एक झाला आणि मजुरीचा नियम एक नसला, तर सगळ्यांचीच मजुरी खाली जाते.

युरोपात हीच भीती देशादेशांत होती. 25 मार्च 1957 रोजी रोम शहरात फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी करार केला. आपसातली जकात काढायची, माल मोकळा फिरू द्यायचा, कामगारालाही दुसऱ्या देशात जाऊन काम करता यावं, असं ठरलं. फ्रान्समध्ये बायकांना समान पगाराचा नियम आधीच होता. त्यांना काळजी पडली, की आपल्या कारखान्यांनी पूर्ण पगार द्यायचा आणि शेजारच्यांनी बायकांना कमी पगार देऊन स्वस्त कापड आपल्याकडे आणायचं, मग आपले कारखाने टिकणार कसे? म्हणून करारात कलम 119 आलं. समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन!

आता हे नीट ऐका. हे कलम आलं ते जास्त करून व्यापाराच्या काळजीतून. बायकांचा कळवळा त्यात कमीच होता. म्हणून ते बरीच वर्षं कागदावरच राहिलं. 1961 च्या अखेरीपर्यंत अंमलबजावणी करायची होती. मग मुदत 1964 पर्यंत वाढवली. तीही गेली.

बेल्जियममध्ये लिएज शहराजवळ हर्स्टाल नावाचं गाव आहे. तिथल्या शस्त्रांच्या मोठ्या कारखान्यात हजारो बायका तेला-ग्रीसमध्ये हात बरबटून मशीन चालवायच्या. 16 फेब्रुवारी 1966 ला त्यांनी काम बंद केलं. साधारण तीन हजार बायका होत्या. त्यांनी हेच कलम 119 पुढे केलं. सहा देशांनी सही केलीय ना, मग द्या आमचा पगार! संप बारा आठवडे चालला. मागणी तासाला 5 फ्रँक वाढीची होती, मिळाले 2.75 फ्रँक. निम्म्याच्या थोडं वर. पण त्या कलमाची चर्चा युरोपभर झाली.

त्याच देशात गॅब्रिएल डेफ्रेन नावाची बाई सबेना या विमान कंपनीत हवाई सेविका होती. तिच्याबरोबर तेच काम करणाऱ्या पुरुषाला पगार जास्त. वर बाईला चाळिसावं लागलं की नोकरी संपली, पुरुषाला मात्र ती अट नाही. 1968 मध्ये तिची नोकरी गेली. एलियान व्होगेल-पोल्स्की या महिला वकिलांनी तिची बाजू लढवली. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. 8 एप्रिल 1976 ला निकाल लागला, की सरकारने वेगळा कायदा करेपर्यंत बाईने थांबायची गरज नाही, कलम 119 दाखवून ती थेट आपल्या देशातल्या कोर्टात पगार मागू शकते. डेफ्रेनला 1963 ते 1966 चा फरक मिळाला. चाळिसाव्या वर्षी नोकरी जाण्याबद्दलचा दावा मात्र ती 1978 मध्ये हरली. कलम फक्त पगाराबद्दल आहे, असं कोर्ट म्हणालं.

1976 च्या निकालात अजून एक गोष्ट होती. मागचा थकलेला फरक कोणाला मिळणार? ज्यांनी त्या दिवसाआधी दावा किंवा तक्रार केली होती, त्यांनाच. ज्या गप्प बसल्या, त्यांना मागचं काही नाही. ताईंनो, वेळेवर लिहून दिलेल्या कागदाची किंमत ही एवढी असते.

आपल्याकडेही त्याच वर्षी, 1976 मध्ये, समान वेतनाचा कायदा झाला. तो नियम आता वेतन संहिता, 2019 मध्ये आहे. काम अगदी तेच असलं पाहिजे असंही नाही, त्याच स्वरूपाचं असलं तरी स्त्री-पुरुष म्हणून मजुरीत फरक करता येत नाही. मुंबईतल्या एका कंपनीतल्या महिला लघुलेखकांचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कंपनी म्हणाली, आम्हाला परवडत नाही. 1987 मध्ये कोर्टाने सांगितलं, न परवडणं हे कारण चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं गं पोरी, पण जास्त हजेरी मागितली तर मालक उद्या बोलावणारच नाही. शेजारच्या गावातून टेम्पो भरून बायका आणेल. बरोबर आहे. म्हणूनच मी पापडाचं गणित सांगितलं. आपली गावंसुद्धा मजुरीचा एकच बाजार आहेत. एका गावाने मागून भागणार नाही. सगळ्या ग्रामसंघांनी मिळून मागायला हवं, आणि ते करायला आपल्याकडे प्रभागसंघ आहे.

म्हणून आज या सभेपुढे तीन गोष्टी ठेवते.

एक, प्रत्येक गटात हजेरीची वही ठेवायची. तारीख, काम, किती तास, बाईला किती, गड्याला किती. रोजच्या रोज लिहायचं.

दोन, खुरपणी, कापणी, वेचणीचा कमीत कमी दर सगळ्या ग्रामसंघांनी हंगामाआधी एकत्र बसून ठरवायचा. ज्या गावातून टेम्पो निघतो, त्या गावाची सही आधी हवी. आपल्याच गटांच्या पापड-मसाल्याच्या कामालाही हाच नियम लावायचा.

तीन, तक्रार द्यायची वेळ आली तर कोणीही एकटी जाणार नाही. वही आणि ग्रामसंघाचा ठराव घेऊन सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे चार-पाच जणींनी जायचं. तक्रारीच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

पुढच्या मासिक सभेला येताना प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या गावातले दोन दर लिहून आणा, बाईचा आणि गड्याचा. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवू आणि तिथून कामाला लागू.