गणित दृष्टिहीन मुलांच्या हाती पोहोचावे
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दृष्टिहीन मुलाला गणित शिकविता येते काय, असा प्रश्न आजही विचारला जातो. अनेक परीक्षा मंडळांनी अशा विद्यार्थ्यांना गणिताऐवजी अन्य विषय घेण्याची सवलत दिलेली आहे. त्यामागील सहानुभूती मोलाची आहे. परंतु मुलाची कुवत न अजमावता ही सवलत सरसकट त्याच्या पदरी टाकली, तर विज्ञान, वाणिज्य आणि संगणक या क्षेत्रांची दारे त्याला लहानपणीच बंद होतात. अडचण बहुधा मुलाच्या बुद्धीत नसते. गणित त्याच्या हाती पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

अमेरिकेतील अब्राहम नेमेथ हे जन्मांध होते. गणिताची आवड असूनही तो विषय सोडण्याचा सल्ला त्यांना मिळाला आणि ते मानसशास्त्राकडे वळले. पुढे ते गणिताकडे परतले व डेट्रॉइट विद्यापीठात प्राध्यापक झाले. अपूर्णांक, घातांक, वर्गमूळ इत्यादी सहा टिंबांच्या ब्रेलमध्ये लिहिण्याची त्यांची पद्धती १९५२ साली प्रसिद्ध झाली. ती भारतातही वापरली जाते.

साधने महागच असतात, असा समज आहे. तो बरोबर नाही. टेलर फ्रेमच्या अष्टकोनी छिद्रांत खुंटी आठ दिशांनी बसविता येते. खुंटीची दोन टोके वेगळी असल्याने सोळा चिन्हे मिळतात आणि पाटीप्रमाणे उभी मांडणी करता येते. दृष्टिहीनांच्या अबॅकसमध्ये मण्यांखाली मऊ कापड असते. त्यामुळे चाचपताना मणी सरकत नाहीत. प्रत्येक दांडीवर आडव्या पट्टीच्या वर पाचाचा एक मणी आणि खाली एकाचे चार मणी असतात. ४७ मांडताना दशकाच्या दांडीवर खालचे चार मणी, तर एककाच्या दांडीवर वरचा एक व खालचे दोन मणी पट्टीकडे सरकवायचे. स्थानिक किंमत अशी बोटांना कळते. भूमितीच्या आकृत्या तर जाड कागदावर दोरा चिकटवूनही तयार होतात.

वरच्या इयत्तांत संगणकाचे साहाय्य होते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीएसारखी प्रणाली विनामूल्य मिळते. मात्र गणित नुसते ऐकून भागत नाही. ‘सहा अधिक चार भागिले दोन’ असे उच्चारले, तर उत्तर पाच की आठ? दोन या संख्येच्या वरची रेघ केवळ चाराखाली आहे की सहा अधिक चार या सबंध बेरजेखाली, हे डोळ्यांना दिसते. कानांना कळत नाही. मॅथएमएल या संगणकीय लेखनपद्धतीत ही रचना जपली जाते. त्यामुळे अपूर्णांक कोठे सुरू झाला व कोठे संपला, हे योग्य जोडप्रणालीच्या साहाय्याने यंत्र सांगू शकते आणि विद्यार्थ्याला समीकरणाचा एकेक भाग पुन्हा ऐकता येतो. परंतु पुस्तकाच्या पानाचे केवळ छायाचित्र दिले, तर या प्रणालीला त्यातील समीकरण वाचता येत नाही. म्हणून प्रश्नपत्रिका व पाठ्यसामग्री तयार करतानाच ही दक्षता घेतली पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये, कायद्याने ठरविलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व योग्य साहाय्यक साधने विनामूल्य पुरविण्याची तरतूद आहे. यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासनाबरोबरच स्थानिक प्राधिकरणांवरही आहे, आणि पंचायत हे स्थानिक प्राधिकरणच होय.

तेव्हा पंचायत सदस्यांना विनंती आहे, की आपल्या शाळेत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. गावात दृष्टिहीन मुले किती आहेत? त्यांना कोणती साधने मिळाली? ती मुलांच्या हातात आहेत की कपाटात? शिक्षक बंधुभगिनींनी अबॅकस प्रथम स्वतः हाताळावा, कारण शिकविणाऱ्याला जे साधन येत नाही ते मुलाच्या उपयोगी पडत नाही. गणित घ्यावे की सोडावे, हा निर्णय मुलाने आणि पालकांनी अवश्य घ्यावा. पण तो गणित खरोखर शिकविल्यानंतर घेतला जावा, एवढेच माझे सांगणे आहे.