शुभंकरांस सोबत



वधूवर-सूची सिद्ध करणे हे आपल्या मंडळाचे आवडते कार्य. परंतु त्याच सूचीच्या धाकाने आपली कित्येक कुटुंबे घरातील मनोरुग्णास दडवितात. धाकटीचे लग्न मोडेल, ही धास्ती! कर्ता पुरुष पहाटेच्या लोकलने मुंबईस जातो. दिवसभर रुग्णाजवळ एकटी माउली उरते. त्याने औषध नाकारले, तर तिने विचारावे कोणास?

अशा सेवेकऱ्यास मराठीत अलीकडे ‘शुभंकर’ हे गोड नाव मिळाले आहे. कुळगावाहून लोकलने सुमारे तासाभरावर, ठाण्यास, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था स्थापिली. तेथे रुग्णाप्रमाणेच आप्तांचाही विचार होतो. शासकीय मनोरुग्णालयही ठाण्यासच आहे. घर सोडणे अशक्य असेल, तर २०२२ साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी अहोरात्र उपलब्ध असतो.

आमचे मागणे लहानच आहे. मंडळाने दोन जाणत्या भगिनी नेमाव्यात. प्रथमच ठाण्यास निघालेल्या कुटुंबासोबत एकीने जावे. माउलीस बाहेर पडावयाचे असेल, तेव्हा दुसरीने रुग्णाजवळ बसावे. मात्र या कार्याची वही वधूवर-सूचीच्या कपाटात ठेवू नये.