बंड्यानंतर कोण?



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे कुत्रा. मागच्या बाकावरचे आत्ताच हसायला लागलेत. हसा, सवय आहे.

महिन्यातून दोन रविवार मी आमच्या बंड्याला घेऊन पनवेलजवळच्या एका वृद्धाश्रमात जातो. बंड्या तिथे विशेष काही करत नाही. खाटेशेजारी बसतो, मांडीवर डोकं ठेवतो. मी ‘कसे आहात?’ विचारलं तर ‘बरं आहे’ एवढंच उत्तर येतं. बंड्याच्या कानामागे खाजवताना मात्र तीच माणसं गावाकडच्या गोठ्यापर्यंत जाऊन पोहोचतात.

ही कल्पना माझी नव्हे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे आलेला एक अबोल मुलगा त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्यामुळे मोकळा झाला. त्यावर त्यांनी १९६२ साली लेख लिहिला. तेव्हा त्यांचे काही सहकारीही हसले होते! आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ मिनल कविश्वर यांच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने हे काम रीतसर उभं केलं. त्यांचा तो उपचार असतो. तज्ज्ञ हजर असतो, उद्देश ठरलेला असतो. माझी ती नुसती भेट. तिला थेरपी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘आमचा टॉमी फार प्रेमळ आहे’ एवढ्यावर मात्र भागत नाही. घरच्यांवर प्रेम सगळेच कुत्रे करतात. स्टीलचं ताट खणकन पडलं, वॉकर अंगावर आला, कुणी शेपूट घट्ट धरली, तरी शांत राहणारा कुत्रा हवा. रेबीजची लस, जंताचं औषध वेळच्या वेळी हवं. नखं कापलेली हवीत; म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी, साधा ओरखडाही चिघळतो. आणि कुत्रा पुन्हापुन्हा जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, की निघायचं. ती झोप नसते, ताण असतो. आम्ही अर्ध्या तासाच्या वर थांबत नाही.

ज्यांना कुत्रा नको, त्यांच्या खाटेकडे फिरकायचं नाही. एक आजी दर वेळी दारातूनच सांगतात, “लांबूनच बरा हो तो.” बंड्याही लांबूनच शेपूट हलवतो.

आता खरं काम सांगतो. बंड्या दहा वर्षांचा झाला. मागचे पाय दुखतात, गेल्या खेपेला गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. त्याला आता थांबवतोय. आश्रमात मात्र विचारणा सुरू झाली आहे, पुढच्या रविवारी कोण?

आपल्या बॅचच्या ग्रुपवर सकाळी ‘सुप्रभात’च्या खालोखाल कुत्र्यांचेच फोटो असतात. मी मोजलं, अकरा घरांत कुत्रे आहेत. त्यातला एखादा तरी या कामाचा निघेल. पहिल्या खेपेला कुत्रा घरीच ठेवा, एकटे या, माणसं बघा. मग आपण डॉक्टरांना दाखवून ठरवू. जेवणाच्या पंगतीत मी वहीच घेऊन बसणार आहे. नाव सांगा, तुमचं आणि कुत्र्याचंही.