दुखतंय म्हणणाऱ्या बाईचं ऐकायचं कुणी?

(डोंबिवलीत स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटच्या घरी जायला लागले. बरोबर एक नर्सताई असते. ती जखम बघते, गोळ्यांचा हिशेब लावते आणि मी नुसती बसते. बसणं हेही काम आहे, हे कळायला मला वर्ष लागलं.

या कामात आले ती माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळे. त्यांना स्तनाचा कॅन्सर होता. २०११ मध्ये तो हाडांत पसरला. रुग्णालयातून सांगितलं, ‘आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या.’ हे सांगितलं भाऊजींना, तेही बाहेर बोलावून. ज्यांचं शरीर, त्यांना कुणी काही सांगितलं नाही. एकदा मी वेणी घालत होते तर म्हणाल्या, ‘अगं, मला घरी का आणलं?’ मी म्हटलं, ‘अहो वहिनी, बरं वाटतंय म्हणून.’ त्या गप्प बसल्या. त्यांना कळलं होतं, आणि आपण खोटं बोललो हे मलाही कळलं होतं. त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांना जे बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

दुखणं एवढं, की त्या रात्री पदराचा बोळा तोंडात धरायच्या. का, तर मुलाची बारावी होती, त्याची झोप मोडू नये. मी डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘सवय लागेल.’ दोन-अडीच महिने उरलेल्या बाईला सवय लागेल! आज हसू येतं, तेव्हा मी मान डोलावून घरी आले. शिकलेली बाई मी, पण मान डोलावली.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, की दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हता. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. तिच्यापासून मॉर्फिन बनतं आणि अफू परदेशातही जाते. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने इतके परवाने आणि अशी शिक्षेची भीती घातली, की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध प्रशासनाचा एकच परवाना पुरतो. पण डॉक्टरांच्या एका पिढीला हे औषध लिहायला शिकवलंच नव्हतं, ती भीती कायदा बदलला म्हणून एका रात्रीत जात नाही. घरातल्यांचीही जात नाही. ‘मॉर्फिन म्हणजे शेवटची गोळी’ असं समजून लोक ती कपाटात दडवून ठेवतात.

म्हणून नर्सताई घरी काय सांगते, ते तुम्हालाही सांगते. गोळी तोंडाने घ्यायची. साधी गोळी असेल तर दर चार तासांनी, घड्याळ लावून. कळ उठायची वाट बघायची नाही. डॉक्टर थोड्या डोसापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. अशी नीट दिली तर श्वास थांबत नाही. पहिले काही दिवस मळमळते, पेंगुळल्यासारखं होतं, ते बहुधा ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर हवंच. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. रोग बरा करता येत नाही तेव्हा माणसाचा त्रास कमी करायचा. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. त्या म्हणायच्या की दुखणं एकट्या शरीराचं नसतं. त्यात मनाचं, पैशाचं, घरच्यांच्या काळजीचं, देवाशी भांडणाचं दुखणंही मिसळलेलं असतं. आपल्याकडे वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस.

पण आपलं सगळं परळला! कल्याणहून टाटा रुग्णालय म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर. लोकलच्या अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटना बसता येतं, पण डोक्याला रुमाल बांधलेल्या तरुण मुलीला तिथे ‘तुम्हाला काय झालंय?’ असं विचारणारे असतातच. एक जण मला म्हणाली, ‘काकू, मी आता फाइल छातीशी धरूनच चढते, प्रश्न नकोत.’ आणि जिने! आपल्याकडच्या किती जुन्या इमारतींना लिफ्ट आहे? तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून खाली आणायचं, तर चार पुरुष लागतात.

पेशंटचं जीवनमान मोजायला एक प्रश्नावली वापरतात. तीस प्रश्नांची आहे आणि मराठीतही मिळते. कामात अडचण येते का, झोप लागते का, पैशाची ओढाताण होते का, असे प्रश्न. चांगली आहे, मी तिची निंदा करत नाही. पण ठाण्यात एका घरी आम्ही पहिल्याच प्रश्नांना अडलो. बाईंच्या पोटात पाणी झालेलं, दर आठवड्याला काढावं लागायचं. ‘कामात अडचण?’ तर म्हणाल्या, ‘नाही हो, काही नाही.’ मी स्वयंपाकघरात डोकावले. ओट्यापाशी स्टूल ठेवलेलं, परातीत कणीक तिंबलेली. बसून कणीक मळता येते, म्हणजे अडचण नाही! अडचण कुणाला म्हणायचं, हेच आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आणि माझी सेवा कोण करतं, हा प्रश्न त्या तिसांत नाहीच.

मी गेले त्या घरांतलंच सांगते, साऱ्या जगाचं नाही. नवरा आजारी पडला तर बायको नोकरी सोडते. बायको आजारी पडली तर नववी-दहावीतल्या मुलीची शाळा सुटते, नाहीतर बाईला माहेरी पोचवतात. नवरे वाईट असतात असं नाही. एक रिक्षावाला बायकोचं ड्रेसिंग इतक्या हलक्या हाताने करायचा, की नर्सताई बघत राहिली. पण त्याला ते शिकवायला कुणीतरी लागलं. आपल्याला कुणी शिकवत नाही, आपण जन्मतःच शिकलेल्या आहोत असं धरून चालतात.

कल्याणच्या एका चाळीत एक आजी गॅलरीत झोपायच्या. छातीवरची जखम चिघळलेली, वास यायचा. कुणी बाहेर काढलं नव्हतं, आपल्या आपणच गेल्या होत्या. डॉक्टरांना विचारून नर्सताईने मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर घालायला सुरुवात केली. जुलाबावर देतात ते साधं, स्वस्त औषध. काही दिवसांत वास पुष्कळ कमी झाला. नात शेजारी येऊन गृहपाठ करू लागली. आजी आत झोपायला आल्या. पुढे तीन आठवड्यांनी गेल्या, पण घरात गेल्या.

महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण २०१२ मध्ये जाहीर केलं. केरळने २००८ मध्येच केलं होतं आणि तिथे गावागावांतले स्वयंसेवक हे काम करतात. आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांनी द्यायच्या बारा सेवांतही ही सेवा लिहिलेली आहे. कागद आपल्याकडे आहेत. तेव्हा तुमच्या जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात जा आणि दोनच प्रश्न विचारा. इथे मॉर्फिन लिहून देणारे डॉक्टर कोण? घरी येणारी नर्स आहे का? एकटीने गेलं तर ‘नंतर या’ म्हणतात, पाच-सहा जणी मिळून जा. आशाताईंना बरोबर घ्या, पण त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं काम टाकायला नको, त्यांच्या मानधनाचंही बोला.

मंगळवारी दुपारी आम्हाला पत्रीपुलाच्या बाजूला एका घरी जायचं आहे. पेशंट चाळिशीच्या आहेत, बोलायला माणूस हवं म्हणतात. कुणाला यायचं असेल तर बैठक संपल्यावर मला भेटा. घसरणार नाही अशी चप्पल घाला, चार मजले आहेत.