नियम मोजके, वाक्ये अगणित
(संगणकशास्त्राच्या मराठी अध्यापकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. अध्यक्षाने विषयाच्या सगळ्या शाखांचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. आज मात्र मी एकाच प्रकरणाबद्दल बोलणार आहे. ‘थिअरी ऑफ कम्प्युटेशन’ या विषयातले, मुलांच्या तोंडी ‘सीएफजी’ असलेले, संदर्भमुक्त व्याकरणाचे हे प्रकरण मी २२ वर्षे शिकवते आहे. त्यातली पहिली कित्येक वर्षे मी ते चुकीच्या टोकाकडून शिकवले, हे आज तुमच्यासमोर मोकळेपणाने सांगते.

पहिल्याच तासाला मी फळ्यावर तीन-चार अक्षरे आणि दोन बाण काढत असे. मुले उतरवून घेत, उदाहरणे सोडवत, परीक्षेत गुणही मिळवत. पण ‘हे व्याकरण कशाचे?’ असे विचारले की वर्ग गप्प. एका वर्षी तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “मॅडम, हे शाळेतल्या वाक्यपृथक्करणासारखंच आहे का?” मी खडू खाली ठेवला. उद्देश्य आणि विधेय, मग उद्देश्याचा विस्तार, मग विधेयाचा विस्तार, असे वाक्य फोडत जाणे हे आपण सगळ्यांनीच शाळेत केलेले आहे. संगणकाच्या जगात ज्याला पार्सिंग म्हणतात ते हेच काम. त्या मुलीने मला माझ्या विषयाचे दार दाखवले, आणि तेव्हापासून मी त्याच दारातून वर्ग आत नेते.

आता मी फळ्यावर पहिल्या दिवशी हे लिहिते:

वाक्य → नामगट क्रियागट
नामगट → विशेषण नामगट
नामगट → षष्ठीगट नामगट
षष्ठीगट → नामगट + चा, ची, चे
नामगट → नाम

बाणाच्या डावीकडे काय बदलायचे ते, उजवीकडे त्याच्या जागी काय ठेवायचे ते. ‘वाक्य’पासून सुरुवात करायची आणि फक्त खरे शब्द उरेपर्यंत बदल करत राहायचे. ‘नामगट’, ‘क्रियागट’ ही नावे म्हणजे बांधकामाची परांची. वाक्य उभे राहिले की ती उतरते. व्याकरण म्हणजे चार गोष्टी: परांचीतली नावे, खरे शब्द, बदलाचे नियम आणि सुरुवातीचे नाव. पुस्तकातली व्याख्या यापेक्षा अधिक काही सांगत नाही.

‘संदर्भमुक्त’ या शब्दाने मुलांचा नेहमी गोंधळ होतो. अर्थाला संदर्भ नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. डावीकडे एकच नाव एकटे उभे आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘नामगट’ वाक्याच्या आरंभी असो की मध्ये, शेजारी कोणीही असो, त्याच्या जागी जे ठेवायला मुभा आहे ते सगळीकडे तेच. उलट आपली संधी पाहा. ‘प्रति’ आणि ‘एक’ मिळून ‘प्रत्येक’ होते, ‘सु’ आणि ‘आगत’ मिळून ‘स्वागत’ होते. इथे ‘इ’चा ‘य’ आणि ‘उ’चा ‘व’ होतो, पण पुढे वेगळा स्वर आला तरच. बदल शेजाऱ्यावर अवलंबून आहे. असा लिहिलेला नियम संदर्भबद्ध. हे उदाहरण दिल्यावर पुन्हा व्याख्या सांगावी लागत नाही.

वरच्या नियमांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ‘नामगट’ डावीकडेही आहे आणि उजवीकडेही. शेजारच्या काकूंच्या भावाच्या मुलीच्या शाळेची इमारत... ही साखळी कितीही लांबली तरी व्याकरणाची हरकत नाही. फळ्यावर पाच ओळी, आणि त्यांतून निघणाऱ्या वाक्यांना अंत नाही. हा आपल्या विषयातला मला सर्वांत प्रिय असलेला विचार आहे, आणि मुलांच्या डोळ्यांत तो उमटलेला दिसला की त्या दिवसाचे शिकवणे सार्थकी लागते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तीनच शब्द लिहिते: भव्य वाड्याचा दरवाजा. आणि विचारते, भव्य काय? अर्धा वर्ग म्हणतो वाडा, अर्धा म्हणतो दरवाजा. दोघेही बरोबर. एका रचनेत ‘भव्य वाडा’ आधी बांधला जातो आणि मग त्याचा दरवाजा येतो, दुसऱ्या रचनेत ‘वाड्याचा दरवाजा’ आधी आणि ‘भव्य’ त्या सगळ्याला लागते. तीच तीन पदे, तेच नियम, पण रचनावृक्ष दोन. यालाच संदिग्धता म्हणतात. आता ‘भव्य’ काढून ‘जुना’ घाला. ‘जुन्या वाड्याचा दरवाजा’ म्हटले की वाडा जुना, ‘जुना वाड्याचा दरवाजा’ म्हटले की दरवाजा जुना. विकारी विशेषणाचे सामान्यरूप होते, आणि एका प्रत्ययाने एक वृक्ष गळून पडतो. सामान्यरूप हे मराठी शिकणाऱ्याला छळण्यासाठी आहे असे मुलांना वाटत आलेले असते. ते इथे काय काम करते, हे त्यांना संगणकशास्त्राच्या वर्गात कळते.

हीच संदिग्धता गणितात आली तर उत्तर चुकते. ‘२ + ३ × ४’ हे १४ की २०? पाचवी-सहावीत ‘कंचेभागुबेव’ पाठ केलेले असते, म्हणून आपण १४ म्हणतो. यंत्राला हा क्रम व्याकरणाच्या बांधणीतूनच देता येतो:

पदावली → पदावली + पद, किंवा पद
पद → पद × अवयव, किंवा अवयव
अवयव → (पदावली), किंवा संख्या

बेरीज वरच्या मजल्यावर, गुणाकार खालच्या, कंस सर्वांत खाली. खालचे आधी पूर्ण झाल्याशिवाय वरचे होत नाही, म्हणून ‘३ × ४’ आधीच बांधले जाते. पदावली, पद, अवयव हे तिन्ही शब्द आपल्या शालेय गणिताच्या पुस्तकांतले आहेत. एकही शब्द नव्याने घडवावा लागला नाही.

प्रत्येक व्याकरण असे दुरुस्त करता येईल का? नाही. दिलेले कोणतेही व्याकरण संदिग्ध आहे की नाही, हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे १९६०च्या दशकाच्या आरंभी सिद्ध झाले. रोहित पारीख यांनी १९६१ मध्ये त्याहून पुढची गोष्ट दाखवली. काही संदर्भमुक्त भाषा अशा आहेत की त्यांचे कोणतेही व्याकरण लिहा, ते संदिग्धच निघणार.

आता थोडे यंत्राबद्दल. ‘सुमनला मीना आई आली असं म्हणाली असं वाटलं.’ बोलताना आपण हे उलटवून सोपे करतो, पण व्याकरण या रचनेला नाही म्हणत नाही. सुमनला, मीना, आई अशा तीन जोड्या उघडल्या. आली, म्हणाली, वाटलं अशा त्या उलट्या क्रमाने मिटल्या. शेवटी उघडलेले आधी मिटते. पंगतीनंतर ताटांची चळत लावतात, तेव्हा वरचे ताट काढल्याशिवाय खालचे हाती येत नाही. मर्यादित स्मरण असलेल्या यंत्राला कितीही खोल गेलेल्या कंसांचा हिशेब ठेवता येत नाही. त्याला एक चळत दिली की येतो. चळत असलेली ही यंत्रे जेवढ्या भाषा ओळखतात, नेमक्या तेवढ्याच भाषा संदर्भमुक्त व्याकरणे निर्माण करतात. एक बाजू वाक्य घडवणारी, दुसरी ते तपासणारी, आणि दोघींचे क्षेत्र तंतोतंत एक.

या कल्पनेचा इतिहास मुलांना जरूर सांगावा. १९५६ मध्ये नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या वर्णनाच्या तीन प्रारूपांची तुलना करणारा निबंध लिहिला. त्यांचा प्रश्न माणसाच्या भाषेचा होता, यंत्राचा नव्हे. जॉन बॅकस यांची वाट वेगळी. फोर्ट्रान घडवणाऱ्या या माणसाने १९५९ मध्ये पॅरिसच्या युनेस्को परिषदेत आज्ञावलीची भाषा नेमकेपणाने लिहून काढण्याची पद्धत मांडली. पीटर नाउर यांनी ती सुधारून १९६० च्या अल्गोल ६० च्या अहवालात वापरली. या पद्धतीत वर्णन होणाऱ्या भाषा म्हणजे चॉम्स्की यांच्या संदर्भमुक्त भाषाच, हे १९६२ मध्ये गिन्सबर्ग आणि राइस यांनी दाखवले. एकाने माणसाच्या बोलण्याकडे पाहिले, दुसऱ्याने यंत्राच्या भाषेकडे, आणि दोघे एकाच ठिकाणी पोचले.

१९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी एका पत्रातून सुचवले की या पद्धतीला पाणिनी-बॅकस रूप म्हणावे. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि अनेकदा जरा वाढवूनही. बॅकस यांनी पाणिनीपासून काही घेतले असे नव्हे, आणि त्याच्या ‘अष्टाध्यायी’ या व्याकरणातले नियम बहुतांशी संदर्भमुक्त नाहीत. आत्ताच पाहिलेला संधीचा नियमही तिच्यात आहे, आणि तो उघडच शेजाऱ्याकडे पाहणारा आहे. अष्टाध्यायीचे मोठेपण निराळे आहे. एका जिवंत भाषेचे वर्णन सुमारे ४००० सूत्रांत, सांकेतिक खुणा योजून, कोणता नियम आधी आणि कोणता नंतर याचाही विचार करून बांधता येते, हे तिने दाखवले. खोट्या दाव्याची तिला गरज नाही. मुलांना ती वाचायला सांगा.

एका पुणेकराचे नाव मात्र प्रत्येक वर्गात घेतले गेले पाहिजे. अरविंद जोशी यांचा जन्म १९२९ चा, पुण्याचा. पुणे विद्यापीठातून अभियंता होऊन ते पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आयुष्यभर राहिले. संदर्भमुक्त व्याकरण माणसाच्या भाषेला पुरते का, या प्रश्नावर त्यांनी मूलभूत काम केले. १९८५ मध्ये स्टुअर्ट शीबर यांनी स्विस जर्मनचा दाखला दिला. त्या भाषेत आधी सगळी कर्मे आणि मग सगळी क्रियापदे येऊ शकतात, तीही त्याच क्रमाने: पहिल्याचे पहिले, दुसऱ्याचे दुसरे. आपल्या सुमन-मीनाच्या वाक्यात जोड्या एकमेकींच्या पोटात होत्या, इथे त्या एकमेकींना छेदतात. चळत इथे हरते. जोशी यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७५ पासून वृक्ष-जोड व्याकरण विकसित केले होते. त्यात शब्दांऐवजी छोटे वृक्षच एकमेकांत जोडले जातात, आणि अशा रचना त्याच्या आवाक्यात येतात. संदर्भमुक्ततेच्या किंचितच पुढे, पण यंत्राला झेपेल इतक्याच अंतरावर असा पट्टा त्यांनी आखून दिला. माणसाच्या भाषा त्या पट्ट्यात बसतात, हा त्यांचा सिद्धांत.

मराठीची स्वतःची एक अडचणही सांगायला हवी. ‘आईने बाळाला दूध पाजले’ यातली पदे कितीतरी प्रकारे फिरवली तरी वाक्य टिकते, कारण कोण कोणाला काय करते हे विभक्तीने सांगितलेले आहे. पदांच्या क्रमावर चालणाऱ्या नियमांना प्रत्येक क्रम वेगळा सांगावा लागतो आणि व्याकरण फुगते. म्हणूनच कारकांच्या आधारे रचना शोधणाऱ्या पद्धती भारतीय भाषांसाठी पुढे आल्या. मर्यादा सांगितल्याने विषय लहान होत नाही. कोणते हत्यार कुठे चालते, हे विद्यार्थ्याला त्यातूनच कळते.

हल्ली मुले विचारतात, मोठी भाषा-प्रारूपे व्याकरणाचे नियम न शिकवता वाक्ये लिहितात, मग हे कशाला शिकायचे? माझे उत्तर असे. त्या प्रारूपाने लिहिलेली आज्ञावलीही चालण्यापूर्वी व्याकरणाच्या चाळणीतून जाते, आणि एक कंस मिटायचा राहिला तर थांबते. दुसरे, वाक्य जमले हे सांगणे वेगळे आणि का जमले हे सांगणे वेगळे. दुसरे काम करणारी माणसे तयार करणे हे आपले काम आहे.

आपल्या भाषेत ही परंपरा नवी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. ही पुस्तके आपल्या ग्रंथालयांत मराठी विभागाच्या कपाटात आहेत आणि संगणकशास्त्राचा विद्यार्थी त्या कपाटापाशी कधी जात नाही. मराठीचे अध्यापक आणि आपण एकाच इमारतीत, एकाच गोष्टीवर काम करतो, आणि एकमेकांशी बोलत नाही. याची मला खंत वाटते.

म्हणून माझी तुम्हाला एकच विनंती आहे. परत गेल्यावर या वर्षी तुमच्या वर्गाकडून मराठीच्या एका छोट्या तुकड्याचे व्याकरण लिहून घ्या. ‘रमेशने आंबा खाल्ला’, ‘रमेशने चिंच खाल्ली’, ‘रमेशने केळे खाल्ले’ ही तीन वाक्ये चालली पाहिजेत आणि ‘रमेशने चिंच खाल्ला’ अडले पाहिजे, एवढ्यापासून सुरुवात करा. तीन लिंगे आणि दोन वचने यांसाठी नामगटाचे किती भाग करावे लागतात, ते मुलांना स्वतः मोजू द्या. मराठीच्या अध्यापकांना त्या तासाला बोलवा, त्यांनी काढलेल्या चुका मुलांना दुरुस्त करू द्या. वीस नियम पुरेत. पुढच्या अधिवेशनाला प्रत्येकाने आपल्या वर्गाचे ते वीस नियम घेऊन यावे. ते आपण एकत्र मांडू, तपासू आणि सर्वांसाठी खुले करू. या कामात मी तुमच्याबरोबर आहे.