पट्टा पडेपर्यंत घर कुणी सांभाळायचं?

(मराठवाड्यातल्या बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आज मी आधी आपल्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे.

आमच्या गावच्या गटात एक नियम होता. लागोपाठ तीन बैठकांना जी येणार नाही तिचं नाव कमी करायचं. नियम मीच सुचवला होता. पहिल्याच वर्षी आमच्या वीस जणींपैकी सात जणी ऊसतोडीला गेल्या. फेब्रुवारीच्या बैठकीत आम्ही वही उघडली आणि सातही नावांवर रेघ मारली. एप्रिलमध्ये त्या परत आल्या. त्यांतली एक माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, कारखान्यावर गेले तर गट सुटतो, गटात राहिले तर उचल कोण फेडणार? मी नेमकी कुठली म्हणायची?"

मला उत्तर देता आलं नाही.

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून, शेजारच्या अहिल्यानगरच्या पाथर्डीतून दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडे बेळगावपर्यंत जातात. पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परततात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. म्हणजे बाईशिवाय कोयता पुरा होत नाही, पण मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. किती उचलले, किती फिटले, किती पुढच्या वर्षावर गेले, हे तिला बहुतेक वेळा हिशोबाच्या दिवशीच कळतं.

'घर आणि काम यांचा तोल' असं आपण सहज बोलतो. ही बाई तो तोल कसा सांभाळते ते बघा. पहाटे तीन-चारला उठून भाकरी करायच्या, पाणी आणायचं. उजाडायच्या आत फडात. नवरा तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. रात्री ट्रक आला की पुन्हा उठून भरायचा. कोपीत संडास नाही, न्हाणी नाही. तान्हं लेकरू बांधावर, त्याला सांभाळायला दहा वर्षांची बहीण. ती बहीण शाळेतून उठवून आणलेली असते, कारण शाळा जूनला सुरू होते आणि ऐन वर्षाच्या मध्यात गाव रिकामं होतं.

एक दिवस काम चुकलं तर खाडा. पैसे मिळत नाहीतच, वर दंड कापला जातो. पाळी असो, ताप असो, बाळंतपण जवळ आलेलं असो. 2019 साली बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ऐंशी हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घातली जाते. तिच्या मनात खाड्याचा हिशोब आधीच असतो. कामाच्या आड येतं म्हणून स्वतःच्या शरीराचा भाग काढून टाकायची वेळ येते, त्याला तोल सांभाळणं कसं म्हणायचं?

आता दुसरे सहा महिने. गावात म्हणतात, "आता काय, घरीच आहेत." त्या सहा महिन्यांत तिला पेरणी, खुरपणी करायची असते. अर्धलीने ठेवलेल्या शेळ्या परत आणायच्या असतात. घरकुलाचा अर्धवट राहिलेला हप्ता, रेशनकार्डावरचं सुनेचं नाव, म्हाताऱ्या सासूचा मोतीबिंदू, मुलीचा शाळेत पुन्हा प्रवेश. तिच्याही मनात काही असतं. आमच्या त्या बाईला शिवणयंत्र घ्यायचं होतं. चार वर्षं दर मे महिन्यात ती ठरवायची आणि दर ऑगस्टमध्ये ते पैसे दुखण्यात नाहीतर बियाण्यात जायचे. मग पुन्हा उचल.

इथं आमचे डोळे उघडले. उचल घेतली जाते पावसाळ्यात. तेव्हा घरात पैसा नसतो, दुखणी निघतात, लग्नं ठरलेली असतात. त्याच वेळी गटाकडून कर्ज मिळालं तर उचल तेवढी कमी घ्यावी लागते. पण आमचे हप्ते दरमहा, बैठका दरमहा, आणि नियम बारमाही गावात राहणाऱ्या बाईसाठी केलेले. जिला गटाची सगळ्यात जास्त गरज, तिलाच आम्ही बाहेर काढलं होतं.

आम्ही ती सात नावं परत लिहिली. त्यांच्यापुरता नियम बदलला. बचत मे ते सप्टेंबर दुप्पट, हंगामात सूट. कर्ज जून-जुलैत, परतफेड हिशोब झाल्यावर एकरकमी. बँकेला हे पटलं नाही, तिला महिन्याचा हप्ताच हवा. म्हणून बँकेचे पैसे बाकीच्या तेरा जणींनी घेतले आणि या सात जणींना गटाच्या स्वतःच्या बचतीतून दिले. कुरकुर झाली, भांडणंही झाली. "आम्ही दरमहा भरायचं आणि यांना सूट?" हा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याला वेळ द्यावा लागला. सगळ्यांची उचल सुटली असं मी सांगणार नाही. दोघींची उचल निम्म्यावर आली. एकीने मुलीला सोबत नेलं नाही. शिवणयंत्र अजून आलेलं नाही.

तुम्हाला माझं सांगणं तीन गोष्टींपुरतं आहे.

पहिली, आपलं वर्षाचं वेळापत्रक काढून बघा. शिबिरं, मेळावे, निवडी नोव्हेंबर ते मार्चमध्येच ठेवतो ना आपण? 8 मार्चला आपण मोर्चा काढतो तेव्हा या बाया फडात असतात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेतही त्या नसतात. त्या असतात 15 ऑगस्टच्या. म्हणून त्यांचे ठराव त्याआधीच्या महिला ग्रामसभेत आणि 15 ऑगस्टलाच झाले पाहिजेत.

दुसरी, मुलांची सोय टोळी निघायच्या आत लागली पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना राज्य सरकारने 2021 साली मंजूर केली. आपल्या तालुक्यात ते कुठं आहे, मुलींसाठी किती जागा आहेत, हे जुलैतच जाऊन विचारा. मुलीला ठेवायला सुरक्षित जागा नसते, म्हणून तिचं लग्न हंगामाच्या तोंडावर उरकलं जातं. नवा कोयता तयार होतो तो असा.

तिसरी, कामगार म्हणून बाईचं नाव वेगळं लिहिलं गेलं पाहिजे. ग्रामपंचायतीच्या नोंदीत, ओळखपत्रावर, मुकादमाच्या वहीत आणि हिशोबाच्या चिठ्ठीवर. निम्मा ऊस तिचा, तर निम्मी मजुरी तिच्या खात्यात. घर सांभाळणं दोघांचं काम, हे बोलायला बळ त्यानंतरच येतं.

गावी परत गेलात की गटाची वही उघडा. रेघ मारलेली नावं मोजा आणि त्या बाया आता कुठं आहेत ते शोधा. तिथून सुरुवात करू या.